एकाच झाडाचं पान, शेंडा आणि राळ: अमली पदार्थांचा कायदा नशा करणाऱ्याच्या मनात काय रुजवतो

महाशिवरात्रीला भांग पिणाऱ्याला आपण ‘नशा करतोय’ असं सहसा वाटत नाही. थंडाई असते, प्रसाद असतो, वर्षातून एकदाची मजा असते. त्याच झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे वाळवून चिलमीत भरले की गांजा झाला आणि ओढणारा गंजेडी. त्या फुलोऱ्यावरची चिकट राळ तळहातावर मळून काढली की चरस झाला आणि माणूस चरसी. झाड एकच. अंमल चढवणारं रसायनही एकच, टीएचसी. पानात कमी, शेंड्यात जास्त, राळेत त्याहून जास्त. तरी तिघांकडे बघण्याची नजर केवढी वेगळी!

यात परंपरेचा वाटा आहेच, पण कायद्यातल्या एका व्याख्येचाही मोठा वाटा आहे. १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात (पूर्ण नाव: गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम) कलम २ मध्ये गांजाची व्याख्या ‘झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळाचे शेंडे’ अशी आहे. शेंडा सोबत नसेल तर बिया आणि पानं त्यातून वगळली आहेत. म्हणून नुसत्या पानांची भांग या केंद्रीय कायद्यातून सुटली आणि राज्यांच्या हाती गेली. महाराष्ट्रात ती १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली येते आणि परवान्याशिवाय बाळगता येत नाही, पण ही गोष्ट भांग पिणाऱ्या किती जणांना माहीत असते?

ही रेघ पान, शेंडा आणि राळ यांच्यामधून गेली ती कुठला भाग किती अपायकारक हे मोजून नव्हे. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात गांजाची जी व्याख्या होती तीत पान नव्हतं. त्या करारानं गांजाचा औषधाव्यतिरिक्त वापर बंद करायला २५ वर्षांची मुदत दिली होती. मुदत संपत आली तेव्हा, १९८५ च्या नोव्हेंबरात, भारताचा कायदा लागू झाला आणि करारातली रेघ आपल्याकडे उतरली. वापरणारा माणूस मात्र या रेघेचा अर्थ वेगळा लावतो. त्याच्या हिशेबात अलीकडचं ते निरुपद्रवी आणि पलीकडचं ते ‘खरं ड्रग’. दिल्लीच्या एम्सच्या पुढाकारानं झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत, १० ते ७५ वयोगटात, वर्षभरात भांग घेतलेले सुमारे २.२ कोटी लोक निघाले. गांजा किंवा चरस घेतलेले सुमारे १.३ कोटी.

या गैरसमजाची किंमत होळीच्या दिवशी कॅज्युअल्टीत दिसते. ओढलेला गांजा काही मिनिटांत चढतो, त्यामुळे कुठे थांबायचं ते ओढणाऱ्याला कळतं. पोटात गेलेली भांग चढायला अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत वेळ घेते आणि अंमल सहा-आठ तास टिकू शकतो. ‘काहीच होत नाही’ म्हणून माणूस दुसरा ग्लास घेतो, मग दोन्ही एकदम चढतात. छाती धडधडते, उलट्या होतात, आता आपण मरतोय अशी भीती बसते. कायद्यानं ढिला सोडलेला प्रकार बेसावध गाठतो तो असा. त्याला कुणी सावध केलेलं नसतं, कारण ते ‘ड्रग’ नव्हतंच.

असाच खेळ औषधांच्या बाबतीत होतो, आणि तो जास्त धोक्याचा आहे. झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्या, कोडीनचं खोकल्याचं औषध, ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या. नायट्राझेपामला मुंबईत ‘बटन’ म्हणतात, अल्प्राझोलामला मालेगावकडे ‘कुत्ता गोली’. यांतल्या बहुतेक गोळ्या एनडीपीएसच्या यादीत आहेत. ट्रामाडॉल २०१८ साली आलं. पण पाकिटावर कंपनीचं नाव असतं, मेडिकलच्या दुकानातून मिळतं, म्हणून घेणारा स्वतःला नशा करणाऱ्यांत धरत नाही. गर्द, म्हणजे भेसळयुक्त हेरॉइन, ओढणाऱ्याकडे तोही तुच्छतेनं बघतो. प्रत्यक्षात रोज घेतलेली नायट्राझेपामची गोळी अचानक बंद केली तर फिट येऊ शकते, आणि हेरॉइनच्या ‘टर्की’त, म्हणजे नशा तुटल्यावरच्या त्रासात, सहसा जीव जात नाही. धोक्याची क्रमवारी आणि कायद्याची क्रमवारी जुळत नाहीत.

आखातात कामाला जाणाऱ्या कोकणातल्या आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या लोकांना हे वेगळ्या वाटेनं कळतं. इथे डॉक्टरनं लिहून दिलेलं ट्रामाडॉल किंवा कोडीन संयुक्त अरब अमिरातीत आधी परवानगी घेतल्याशिवाय नेता येत नाही. आणि अनारशावर लावायची खसखस, जी आपल्या डब्यात नेहमीची आहे, ती तिथे बंदी असलेल्या मालात मोडते, कारण ती अफूच्या बोंडाची बी आहे. सीमा ओलांडली की डब्यातल्या वस्तूचा गुणधर्म बदलत नाही, तिचं नाव बदलतं.

उलट्या बाजूचं उदाहरण एमडीचं, म्हणजे मेफेड्रोनचं. मुंबईत ते ‘म्याऊ म्याऊ’ म्हणून पसरत होतं तेव्हा सुरुवातीची काही वर्षं ते एनडीपीएसच्या यादीतच नव्हतं. फेब्रुवारी २०१५ मध्ये आलं. तोवर ‘यात पोलीस काही करू शकत नाहीत’ हे विकणाऱ्याचं बोलणं खरंच होतं, आणि घेणाऱ्याच्या मनात त्याचं रूपांतर ‘यात काही विशेष नाही’ असं होत होतं. यादीत आल्यावर शिक्षा आली, पण तोवर घट्ट बसलेली ‘हलकी पार्टी पावडर’ ही प्रतिमा अधिसूचनेनं पुसली गेली नाही. नाकावाटे घेतलेल्या एमडीचा अंमल तासाभरात ओसरायला लागतो आणि पुन्हा घ्यावंसं वाटतं. एका रात्रीत पाच-सहा वेळा घेणं, झोप उडणं, दोन दिवस जेवण न जाणं, मग संशय आणि भास, हा त्या पावडरीचा स्वभाव आहे. अधिसूचना कधी निघाली याचा त्याच्याशी संबंध नाही.

दारूबद्दल इथे थोडंच सांगतो. महाराष्ट्रात कायद्यानं दारू प्यायला परवाना लागतो. विदेशी दारूचा एक दिवसाचा ५ रुपयांना. बीअर-वाइनला वय २१, बाकीच्या दारूला २५. हा नियम पिणाऱ्यांपैकी क्वचितच कुणी गांभीर्यानं घेतो. वर्धा आणि गडचिरोलीत दारूबंदी, चंद्रपुरात २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली. जो कायदा रोज सगळ्यांदेखत मोडला जातो, तो पिणाऱ्याला एवढंच शिकवतो की कायदा काही खरा नसतो, पकडला जाणं तेवढं खरं असतं. मग तोच धडा तो दुसऱ्या कायद्यांनाही लावतो.

आता वजनाकडे वळू, कारण एनडीपीएस हा मुळात वजनाचा कायदा आहे. २००१ च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक पदार्थाला दोन आकडे ठरले: अल्प मात्रा आणि व्यावसायिक मात्रा. गांजासाठी १ किलो आणि २० किलो. चरससाठी १०० ग्रॅम आणि १ किलो. हेरॉइनसाठी ५ ग्रॅम आणि २५० ग्रॅम. कोकेनसाठी २ आणि १०० ग्रॅम. एमडीसाठी २ आणि ५० ग्रॅम. अल्प मात्रेला शिक्षा एक वर्षापर्यंत किंवा १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मधल्या मात्रेला दहा वर्षांपर्यंत. व्यावसायिक मात्रेला किमान दहा, कमाल वीस वर्षं. व्यावसायिक मात्रेत कलम ३७ लागतं आणि जामीन जवळजवळ अशक्य होतो, कारण ‘हा दोषी नाही असं मानायला सबळ कारण आहे’ असं न्यायाधीशाला सुरुवातीलाच वाटावं लागतं. सेवनाचं कलम वेगळं, २७ वं: कोकेन, मॉर्फिन, हेरॉइन असेल तर एक वर्षापर्यंत किंवा २० हजारांपर्यंत दंड, इतर पदार्थांना सहा महिन्यांपर्यंत किंवा १० हजारांपर्यंत. म्हणजे थोडा गांजा ओढल्याची शिक्षा सहा महिने आणि तोच थोडा गांजा खिशात ठेवल्याची एक वर्ष.

२००१ च्या आधी हे याहून कठोर होतं. हेरॉइनची ‘अल्प मात्रा’ तेव्हा फक्त २५० मिलिग्रॅम होती, तीही स्वतःसाठीच आहे हे आरोपीनं सिद्ध करायचं. व्यसनी माणसाच्या एका दिवसाच्या गरजेपेक्षा ती कमी भरू शकते. त्याहून थोडं जास्त सापडलं की विकणाऱ्याचं कलम आणि किमान दहा वर्षं. त्या पंधरा वर्षांत नशा करणाऱ्यांच्या एका पिढीला हे कळून चुकलं की कायद्याच्या लेखी आपण आणि विकणारा एकच. त्या आठवणी वस्त्यांमध्ये अजून आहेत, आकडे बदलले तरी.

आजच्या आकड्यांबद्दल दोन गैरसमज फार पसरलेले आहेत. पहिला, ‘अल्प मात्रा म्हणजे गुन्हा नाही’. गुन्हा आहे, पोलीस अटक करू शकतात. ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं एका गाजलेल्या जामीन प्रकरणात असंही म्हटलं की या कायद्याखालचे सगळेच गुन्हे अजामीनपात्र आहेत. म्हणजे जामीन मिळतो, पण हक्क म्हणून ठाण्यात नव्हे, न्यायालयासमोर मागून. दुसरा गैरसमज, ‘शुद्ध मालाचंच वजन धरतात’. २००८ साली सर्वोच्च न्यायालयानं तसं म्हटलं होतं खरं, पण एप्रिल २०२० मध्ये हीरा सिंग खटल्यात तीन न्यायाधीशांच्या पीठानं ते फिरवलं. आता भेसळीसकट पूर्ण वजन धरतात. गर्दात हेरॉइन कमी आणि भेसळच जास्त असते, त्यामुळे सर्वांत निकृष्ट माल वापरणारा, म्हणजे सर्वांत गरीब, वजनाच्या काट्यावर सर्वांत आधी अडकतो.

या आकड्यांचा वागण्यावर परिणाम होतो. जवळ कमी ठेवायचं म्हणून माणूस रोज पुडी घ्यायला जातो. रोज जातो म्हणून विकणाऱ्याशी रोज गाठ पडते, आणि त्याच्या खिशात गांजासोबत एमडी असेल तर तीही रोज समोर येते. चौघांनी पैसे काढले तर माल ज्याच्या खिशात तो एकटा अडकतो, म्हणून ते काम सर्वांत कच्च्या मुलावर ढकललं जातं. मूत्रतपासणीची भीती असेल तर आणखी एक उलटा हिशेब घडतो. रोज गांजा ओढणाऱ्याच्या लघवीत त्याचा अंश कित्येक आठवडे सापडू शकतो. हेरॉइनचा साधारण दोन-तीन दिवसांत जातो. तपासणी जेवढी कडक, तेवढा सौम्य पदार्थ सोडून तीव्र पदार्थाकडे जाण्याचा मोह. कायदा करणाऱ्यांच्या मनात हे नव्हतं, पण घडतं असं.

गर्दाची गोष्टही याच वाटेची. भारतात अफूचा औषधाव्यतिरिक्त वापर १९५९ पासून बंद झाला; ज्यांची व्यसनी म्हणून आधीच नोंद होती त्यांनाच ती मिळे. मुंबईतले चंडूखाने, म्हणजे अफू ओढायचे अड्डे, त्याआधीपासूनच कायद्याच्या कचाट्यात होते. अफू आकारानं मोठी, वासाची, लपवायला अवघड. १९८० च्या सुमारास ब्राउन शुगर, म्हणजेच गर्द, आली: चिमूटभर, कागदाच्या पुडीत मावणारी, पन्नीवर जाळून धूर ओढता येणारी. धरपकड वाढली की बाजारात टिकतो तो कमी जागेत जास्त ताकद असलेला माल. दारूबंदीत बीअरपेक्षा हातभट्टी तरते, तसंच हे. १९८५ च्या कायद्यानं गर्द आणला असं म्हणणं चूक ठरेल, तो आधीच आला होता. पण भांग सोडली तर सौम्य आणि तीव्र यांच्यात फरक करण्याची संधी त्या कायद्यानं जवळपास घेतलीच नाही, आणि वापरणाऱ्यालाही तो फरक करायचं कारण उरलं नाही.

गर्दानं मराठीला एक शब्द दिला: गर्दुल्ला. वर्तमानपत्रांनी तो बातमीत रुळवला, पोलिसांच्या तोंडी गेला, वस्तीत शिवी झाला. ज्याला तो चिकटतो तो हळूहळू स्वतःबद्दल बोलतानाही तोच वापरतो. मधुमेही माणूस ‘मला साखर आहे’ म्हणतो. हा ‘मी गर्दुल्ला आहे’ म्हणतो. एकात माणसाला आजार आहे, दुसऱ्यात माणूस म्हणजेच तो आजार. हा शब्द कायद्यात नाही हे मान्य, पण गुन्हेगार ठरवणाऱ्या चौकटीशिवाय तो एवढा धारदार झाला नसता. बाईच्या बाबतीत तर घरचे हा विषय उच्चारतच नाहीत. बहिणीचं स्थळ मोडेल, पोलीस घरी येतील, या दोन भीतींपोटी उपचार वर्षानुवर्षं पुढे ढकलले जातात. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केलं तेव्हापासून महाराष्ट्रात व्यसनी माणसाला रुग्ण म्हणायची एक समांतर भाषा तयार झाली आहे. ती भाषा आणि ठाण्यातली भाषा अजून एकमेकींना भेटलेल्या नाहीत.

कायद्यानं नजर घडवायची तर ती फक्त नशा करणाऱ्याचीच घडत नाही. एनडीपीएस आल्यावर मॉर्फिन ठेवायला इतके परवाने लागू लागले की रुग्णालयांनी ते ठेवणंच सोडलं. देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर घसरत १९९७ च्या सुमारास १८ किलोवर आला, एवढ्या मोठ्या देशात. कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातले रुग्ण विव्हळत होते आणि नातेवाईक ‘मॉर्फिन नको, सवय लागेल’ म्हणत होते. डॉक्टरांची एक पिढी ते न हाताळताच शिकली. २०१४ ची दुरुस्ती होऊन आवश्यक औषधांसाठी एकाच परवान्याची सोय झाली. भीती मात्र दुरुस्तीच्या वेगानं गेली नाही.

या कायद्यात उपचाराचं एक दार आहे आणि ते बहुतेकांना माहीत नसतं. कलम ६४ए. ज्याच्यावर सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा आरोप आहे असा व्यसनी माणूस सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी स्वेच्छेनं व्यसनमुक्तीचे उपचार घ्यायला तयार असेल आणि ते घेत असेल, तर त्याच्यावर त्या गुन्ह्यासाठी खटला चालत नाही. वकिलामार्फत न्यायालयात अर्ज करायचा. कोठडीत असलेल्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो, उत्पन्न काहीही असो. अर्जासोबत रुग्णालयाचं पत्र हवं: व्यसनाचं निदान, उपचार कधीपासून, किती काळ. खाजगी केंद्र असेल तर त्याला मान्यता आहे का हे आधीच तपासावं, अर्ज तिथेच फसतो. उपचार पूर्ण झाल्याचा दाखला जपून ठेवावा. दुसरं कलम ३९: दोषी ठरल्यावरही न्यायालय, आरोपीची संमती असेल तर, शिक्षेऐवजी उपचारासाठी बंधपत्रावर सोडू शकतं, एक वर्षाच्या आत उपचाराचा अहवाल द्यावा लागतो.

दार असूनही लोक त्यातून जात नाहीत, त्याला कारणं आहेत. हे दार उघडतं ते आरोप लागल्यावर, आधी नाही. उपचार अर्धवट सुटले तर सूट काढून घेता येते, आणि व्यसनात पुन्हा घसरण होणं हा आजाराचाच भाग आहे. पहिल्याच प्रयत्नात कायमचं सुटणारे थोडे. शिवाय हे दार फक्त ‘व्यसनी’साठी आहे. महिन्यातून एकदा गांजा ओढणाऱ्या मुलाला व्यसन नाही, तर त्याला सूटही नाही. त्यानं एकतर खोटं निदान घ्यावं, नाहीतर गुन्हेगार व्हावं.

आणि व्यवहारात सर्वांत मोठं कारण म्हणजे गुन्हा कबूल करणं सोपं पडतं. विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी या संस्थेनं २०१७ आणि २०१८ मधल्या मुंबईच्या दंडाधिकारी न्यायालयांतल्या प्रकरणांचा अभ्यास केला. जवळजवळ सगळी प्रकरणं सेवनाची होती, त्यांतली बहुसंख्य गांजाची, आणि आरोपी मुख्यतः फुटपाथवर किंवा झोपडपट्टीत राहणारे. कबुली, दंड, सुटका. त्या माणसाला वाटतं, प्रकरण संपलं. पण कागदावर ती दोषसिद्धी असते. पोलीस पडताळणीत ती वर येते, आणि पुन्हा पकडलं तर कलम ३१ नुसार शिक्षेची कमाल मर्यादा दीडपट होते. हे त्याला त्या दिवशी कुणी सांगितलेलं नसतं. कलम ५० चंही तसंच: अंगझडती घेण्याआधी ‘राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती घ्या’ असं म्हणायचा हक्क आहे आणि पोलिसांनी तो सांगायचा असतो. तो अंगावरच्या झडतीपुरता आहे, बॅगेच्या नाही. झोपडपट्टीतल्या मुलाला हा हक्क माहीत नसतो. मोठ्या सोसायटीतल्या मुलाचा वकील तो पहिल्या तासात मांडतो. दोघांच्या मनात कायद्याबद्दल काय बसेल, ते वेगळं सांगायला नको.

पोर्तुगालचं नाव या चर्चेत नेहमी येतं, बहुतेकदा अर्धवट. तिथे १ जुलै २००१ पासून स्वतःपुरता, म्हणजे दहा दिवस पुरेल इतका साठा बाळगणं हा फौजदारी गुन्हा राहिला नाही. गांजाला २५ ग्रॅम, हेरॉइनला १ ग्रॅम, कोकेनला २ ग्रॅम. ते कायदेशीर झालं असं नाही: पोलीस अडवतात, माल जप्त करतात आणि माणसाला तीन सदस्यांच्या एका समितीपुढे पाठवतात. ती समिती न्यायालयात बसत नाही. व्यसन आहे की नाही हे ती आधी बघते. नसेल आणि पहिलीच वेळ असेल तर प्रकरण तात्पुरतं थांबवते, असेल तर उपचाराकडे वळवते. सोबत मेथाडोन (हेरॉइनऐवजी डॉक्टरी देखरेखीत दिलं जाणारं औषध) आणि वापरलेल्या सुया घेऊन नव्या देणं, यांवर खर्च वाढवला. टोचून घेणाऱ्यांमधला एचआयव्हीचा नवा संसर्ग तिथे पुढच्या वर्षांत खूप खाली आला. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यानं २०२१ मध्ये शिक्षा काढली, पण समितीऐवजी १०० डॉलरची पावती आणि तिच्यावर एक फोन नंबर दिला. फोन केला की दंड माफ. फोन करणारे फार थोडे निघाले आणि सप्टेंबर २०२४ पासून राज्यानं शिक्षा परत आणली. शिक्षा काढली तरी तिच्या जागी माणसासमोर कोण बसतं, यावर तो मदतीला येईल की नाही हे ठरतं.

आपल्याकडे १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, आणि २०२४ पासून अमली पदार्थ नियंत्रण विभागाची १९३३ आहे. दुसरीवर तस्करीची तक्रारही करता येते आणि समुपदेशनही मागता येतं. हेतू चांगला असेल, पण ज्याच्या खिशात पुडी आहे त्याला, तक्रार नोंदवणाऱ्याच नंबरवर आपली अडचण सांगवेल का? मदत मागायची असेल तर १४४४६ बरा.

शिक्षेच्या भीतीचा काहीच उपयोग नाही असं इथे म्हणायचं नाही. ज्यानं अजून सुरुवात केलेली नाही त्याला ती काही वेळा थांबवते, आणि बंदीमुळे वस्तू महाग आणि दुर्मीळ राहते. पण शिक्षा किती मोठी यापेक्षा पकडले जाण्याची शक्यता किती, याचा परिणाम माणसावर जास्त होतो. आणि ज्याचं शरीर पदार्थावर अवलंबून झालंय, त्याच्या सकाळच्या टर्कीपुढे दहा वर्षांनंतरची शिक्षा फार लांब असते. त्याच्यावर भीतीचा परिणाम होतो तो लपण्यात: घाईनं टोचणं, एकट्यानं घेणं, दुसऱ्याची सुई वापरणं, संडासाची कडी लावून घेणं.

एकट्यानं घेण्यातच जीव जातो. हेरॉइन किंवा त्या जातीचं औषध जास्त झालं तर श्वास मंदावतो, घोरल्यासारखा घरघरता होतो, ओठ आणि नखं निळसर पडतात, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, हाक मारून चिमटा काढूनही माणूस उठत नाही. अशा वेळी सोबतचे पळतात, कारण पोलीस येतील. रस्ते अपघातात मदत करणाऱ्याला कायद्यानं दिलेलं संरक्षण इथे स्पष्ट शब्दांत कुठे लिहिलेलं नाही, आणि रुग्णालयात एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवली जाणारी वैद्यकीय नोंद, होते हे सगळ्यांना माहीत असतं. सर्वांत धोक्याचा काळ म्हणजे तुरुंगातून किंवा व्यसनमुक्ती केंद्रातून सुटल्यानंतरचे पहिले दोन आठवडे. आत असताना शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, पण डोक्यात जुनं प्रमाण असतं. जी पुडी आधी रोज पचत होती तीच आता श्वास थांबवते. कोठडीनं नशा ‘सुटली’ असं घरच्यांना वाटतं नेमक्या त्याच दिवसांत.

अशी वेळ आली तर १०८ ला फोन करावा, ‘माणूस श्वास घेत नाही’ एवढं आधी सांगावं. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवावं, म्हणजे उलटी घशात जात नाही. श्वास थांबला असेल तर तोंडानं द्यावा, साधारण दर पाच सेकंदांनी एक. अंगावर पाणी ओतणं, मिठाचं पाणी टोचणं, चापट्या मारून चालवत नेणं यांत वेळ जातो, फायदा होत नाही. रुग्णालयात नॅलोक्सोनचं इंजेक्शन देतात, ते दोन-तीन मिनिटांत उठवतं. पण त्याचा असर अर्ध्या ते दीड तासात ओसरतो आणि हेरॉइन अजून रक्तात असू शकतं, म्हणून उठल्याउठल्या पळून आलेला माणूस घरी पुन्हा बेशुद्ध होतो. निदान काही तास तिथेच थांबवायला हवं.

आणि डॉक्टरला काय घेतलं ते खरं सांगावं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि अमली पदार्थांशी निगडित मानसिक अवस्था आजारात धरल्या आहेत आणि रुग्णाच्या माहितीची गोपनीयता हा त्याचा हक्क मानला आहे. डॉक्टर विचारतात ते औषध निवडण्यासाठी: नॅलोक्सोन फक्त अफूच्या जातीच्या पदार्थांवर चालतं. बटनवर चालत नाही, एमडीवरही चालत नाही. एकाहून जास्त पदार्थ मिसळून घेतले असतील तर तेही सांगावं लागतं, कारण अशा वेळी श्वास कशानं थांबलाय हे नुसतं बघून कळत नाही.